नोंदवह्यांतील ब्राँटी कुटुंब

‘जेन एअर’, ‘वुदरिंग हाइट्स’ आणि ‘ॲग्नेस ग्रे’ या तीन कादंबऱ्या १८४७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांवर करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी टोपणनावे होती. ही नावे शार्लट, एमिली आणि ॲन या तीन बहिणींची आहेत, हे वाचकांना पुढे समजले. १८५७ मध्ये एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेले शार्लटचे चरित्र आले आणि ब्राँटी कुटुंबाची एक प्रतिमा पक्की झाली : माळरानावरचे एकाकी घर, एकामागून एक झालेले अकाली मृत्यू, जणू शापित घराणे. ही प्रतिमा कितपत खरी, हे तपासायचे तर चरित्रग्रंथांच्या मागे जाऊन चर्चच्या नोंदवह्या, मृत्यूचे दाखले आणि जनगणनेचे तक्ते पाहावे लागतात. साहित्याच्या अभ्यासकाने ही कागदपत्रे कशी वाचावीत, हे समजण्यासाठी हे कुटुंब चांगले उदाहरण आहे.

प्रथम आडनावच घेऊ. वडील पॅट्रिक यांचा जन्म १७ मार्च १७७७ रोजी आयर्लंडमधील डाउन परगण्यात एका गरीब कुटुंबात झाला. घरचे आडनाव ब्रंटी. १८०२ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले, तेव्हा नोंदवहीत ‘ब्रँटी’ असे लिहिले गेले आणि नंतर ते ‘ब्राँटी’ असे दुरुस्त झाले. लिहिणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले. म्हणून एकच स्पेलिंग धरून जुन्या वह्या शोधणाऱ्याच्या हाती अर्धे कुटुंब लागत नाही.

इंग्लंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्यांवर अवलंबून राहावे लागते. ब्राँटींची थोरली दोन मुले, मरिया आणि एलिझाबेथ, १८२५ च्या मे व जून महिन्यांत वारली, एक अकराव्या वर्षी, दुसरी दहाव्या. त्या वेळी मृत्यूचे कारण लिहिलेला सरकारी दाखलाच अस्तित्वात नव्हता. उलट ब्रॅनवेल (२४ सप्टेंबर १८४८), एमिली (१९ डिसेंबर १८४८), ॲन (२८ मे १८४९) आणि शार्लट (३१ मार्च १८५५) यांचे मृत्यू नोंदणीच्या काळातले आहेत. एकाच घरातील सहा भावंडांपैकी दोघींबद्दल एक प्रकारचा पुरावा मिळतो आणि चौघांबद्दल दुसऱ्या प्रकारचा.

जनगणनेचे तसेच. १८४१ ची जनगणना ६ जूनच्या रात्रीची. त्या रात्री जो जेथे झोपला, तेथे त्याची नोंद. त्या सुमारास शार्लट रॉडन येथे आणि ॲन यॉर्कजवळ थॉर्प ग्रीन येथे गव्हर्नेस म्हणून नोकरीला होती. ब्रॅनवेल लडेंडन फूटच्या रेल्वे स्टेशनवर कारकून होता. हॉवर्थच्या घरी वडील, मावशी आणि एमिली राहत होती. म्हणजे एक कुटुंब शोधायचे तर चार गावांचे तक्ते उलगडावे लागतात. त्यात या जनगणनेचा एक नियम असा, की पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे. त्या नियमाने तेवीस वर्षांचा ब्रॅनवेल, बावीस वर्षांची एमिली आणि एकवीस वर्षांची ॲन तिघेही वीस वर्षांचे ठरतात. हा नियम ठाऊक नसलेला वाचक त्यांना तिळी समजेल! घरातील माणसांचे परस्परांशी नाते काय, हा रकाना १८४१ मध्ये नव्हताच. तो १८५१ मध्ये आला, आणि नेमके वय व जन्मगावही तेव्हापासून लिहिले जाऊ लागले.

आणखी एक नियम स्त्री-साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पतीच्या किंवा आईवडिलांच्या घरी राहून त्यांना हातभार लावणाऱ्या, पण वेतन न घेणाऱ्या पत्नीचा वा मुलांचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही, अशी सूचना १८४१ च्या गणकांना होती. मृत्यूच्या दाखल्यातही विवाहितेची ओळख सहसा ‘अमक्याची पत्नी’ अशीच होत असे. घरी बसून लिहिणारी कादंबरीकार अशा तक्त्यात कादंबरीकार म्हणून सापडणे कठीणच. तेव्हा व्यवसायाचा रकाना रिकामा दिसला, तर ती स्त्री काही करत नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. तो प्रश्न तिला विचारलाच गेला नव्हता, एवढेच त्यावरून कळते.

मृत्यूचे कारण वाचतानाही हीच सावधगिरी हवी. ब्रॅनवेलच्या दाखल्यावर जुना श्वासनलिकादाह आणि शरीर झिजणे अशी कारणे आहेत. आजचे अभ्यासक त्यामागे क्षय पाहतात. शार्लटच्या दाखल्यावर क्षय असे कारण आहे. पण लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालेल्या या मृत्यूच्या आधीच्या आठवड्यांत तिला सतत मळमळ व उलट्या होत होत्या, हे कळते. त्यावरून ती गरोदर असावी आणि त्यातील तीव्र उलट्यांनी ती खचली असावी, असे मत अनेक चरित्रकार व डॉक्टर मांडतात. दाखल्यात गरोदरपणाचा उल्लेख नाही. विवाहाची आणि दफनाची वही शेजारी ठेवली, तर आणखी एक गोष्ट दिसते. २९ जून १८५४ रोजी तिचे लग्न लावणारे सटक्लिफ सोडन यांनीच ४ एप्रिल १८५५ रोजी तिचा दफनविधी केला.

थडग्यावरचा दगड तर दाखल्याहूनही कमी विश्वासाचा. ॲनचे दफन स्कारबरो येथे झाले. शार्लट १८५२ मध्ये तेथे गेली, तेव्हा तिला दगडावरील मजकुरात पाच चुका आढळल्या आणि तिने तो दुरुस्त करवून घेतला. तरीही दगडावर वय अठ्ठावीसच राहिले. १७ जानेवारी १८२० हा जन्मदिवस धरला, तर ॲन मृत्यूसमयी एकोणतीस वर्षांची होती.

आता ‘शापित घराणे’ या कल्पनेकडे येऊ. हॉवर्थच्या अस्वच्छतेबद्दल तक्रार करून सरकारी चौकशी मागण्यात स्वतः पॅट्रिक ब्राँटी पुढे होते. १८५० मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज यांनी गावाची पाहणी करून अहवाल दिला. गटारे नाहीत, पिण्याचे पाणी दूषित, दफनभूमी खच्चून भरलेली, असे चित्र त्यात आहे. मृत्यूसमयीचे सरासरी वय २५.८ वर्षे आणि सहा वर्षांच्या आत दगावणारे ४१.६ टक्के, असे आकडे त्यांनी दिले. सहा ब्राँटी भावंडांची वये (११, १०, ३१, ३०, २९, ३८) मिळवली, तर सरासरी सुमारे २४.८ येते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. मात्र ते सारखे का, हे तपासले पाहिजे. गावाची सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली आहे. ब्राँटींची सर्व मुले सहाव्या वर्षापलीकडे जगली आणि नंतर गेली. शिवाय क्षय पाण्यातून पसरत नाही. त्याच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये लावला, तोवर शुश्रूषा करणाऱ्याला धोका असतो हे कोणाला नीट माहीत नव्हते. तरीही एवढे निश्चित म्हणता येते, की ज्या गावात दफनाची वही अशी भरत होती, तेथे या घरातले मृत्यू गूढ अपवाद नव्हते. घराणे वेगळे ठरले ते त्यांच्या लेखनामुळे. पॅट्रिक १८६१ मध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारले. सहाही मुले त्यांच्या आधी गेली आणि नातवंड एकही नव्हते.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी वापरता येत नाही. इंग्लंडमध्ये जनगणनेचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार ते कोणालाही पाहता येत नाहीत. म्हणून आपला आधार वेगळा : शाळेचे जनरल रजिस्टर, संस्थानी दप्तरे, त्र्यंबकेश्वर-काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गोव्यातील चर्चची पुस्तके आणि देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या. यांतही तेच प्रश्न आहेत. शाळेच्या रजिस्टरमधील असंख्य ‘१ जून’ हे जन्मदिवस नसून प्रवेशाच्या सोयीच्या तारखा आहेत. महाजनांच्या यादीत स्त्रिया नसतात. विवाहानंतर नाव बदलत असल्याने डॉ. आनंदीबाई जोशी यांचा शोध ‘यमुना’ या माहेरच्या नावानेही घ्यावा लागतो, आणि लक्ष्मीबाई टिळकांचा ‘मनकर्णिका गोखले’ या नावाने.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एखाद्या दिवंगत लेखिकेपासून सुरुवात करावी. एका कागदावर पाच रकाने आखावेत : घटना, कागद, तो कोणी लिहिला, घटनेनंतर किती काळाने लिहिला, आणि त्यात कोणता प्रश्न विचारलेलाच नाही. पहिले चार भरायला ग्रंथालय आणि दप्तरखाना पुरतो. पाचव्यासाठी तिचे लेखन पुन्हा वाचावे लागते.