समृद्धीवर जाण्यापूर्वी गाडीबरोबर चालकाचीही तपासणी हवी

छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला जायचे, तर पूर्वी जालना, सिंदखेडराजा, मेहकर अशी गावे ओलांडत जावे लागे. वाटेत गतिरोधक, बाजार, बैलगाड्या आणि चहाच्या टपऱ्या लागत. प्रवास कंटाळवाणा होई. पण चालक सतत जागा राही. समृद्धी महामार्गाने हे सारे अडथळे दूर केले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. सावंगी किंवा माळीवाडा येथून मार्गावर चढले, की पुढे ना चौक, ना सिग्नल. नेमकी हीच सोय या मार्गावरील धोक्याचे एक मोठे कारण आहे.

या मार्गावरील दोन अपघात महाराष्ट्र विसरलेला नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ सैलानीबाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस ट्रकवर मागून आदळली. त्यात १२ जणांचा बळी गेला. दोन्ही अपघातांची कारणे स्वतंत्र असली, तरी वेळ एकच होती, मध्यरात्र उलटल्यानंतरची.

डोळे उघडे, मन निद्रिस्त

सरळ आणि एकसारख्या रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवली, की मेंदूला नवे काही टिपण्यासारखे उरत नाही. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात. पण लक्ष हरपलेले असते. यालाच महामार्ग संमोहन म्हणतात. त्यात पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचा काळ हा शरीराच्या घड्याळानुसार पेंगेचा. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी १३० मीटरहून अधिक अंतर चालकाविनाच धावते.

मोटारींना १२० ची मर्यादा असली, तरी मालवाहू ट्रक त्याहून बरेच हळू चालतात. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकजवळ मोटार दर सेकंदाला ११ मीटरने पोहोचते. ट्रक उभाच असेल, तर ३३ मीटरने. रात्री मागचे दिवे बंद असलेला ट्रक उभा आहे की चालू, हे कळेपर्यंत ब्रेक लावण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे, म्हणजे सुमारे १०० मीटरचे अंतर राखावे. दर दोन तासांनी गाडीतून उतरून पाय मोकळे करावेत. झोप येऊ लागली, तर चहा किंवा गाणी हा तात्पुरता आधार आहे. विश्रांतीच्या जागी थांबून वीस मिनिटे झोपणे, हाच खरा उपाय.

टायर का फुटतो?

हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतात आणि तापतात. ताशी १२० च्या वेगात मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरते. त्यावर मराठवाड्याचे ऊन आणि तापलेला काँक्रीटचा रस्ता. झिजलेला किंवा जुना टायर हा ताण सोसू शकत नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून खराब टायरची वाहने परत पाठवली, ती याचसाठी. हवेचा योग्य दाब बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायर थंड असतानाच तो तपासावा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल, तर टायर बदलावा. स्टेपनीतील हवाही पाहावी. ती ऐनवेळीच आठवते.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

मार्गावर चढण्याआधीच इंधनाची टाकी भरावी, कारण नंतर बाहेर पडण्यासाठी पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावे लागते. पाणी, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी आणि परावर्तक त्रिकोण सोबत असावेत. मागच्या आसनावरील प्रवाशांनीही पट्टा बांधावा. लांबच्या प्रवासात दुसरा चालक असावा, नाहीतर रात्रीचा प्रवास टाळून पहाटे उजाडता निघावे.

गाडी बंद पडली, तर ती डावीकडे कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि त्रिकोण शक्य तितका मागे ठेवावा. सर्वांनी डाव्या बाजूने उतरून संरक्षक कठड्यापलीकडे उभे राहावे. बंद गाडीत बसून मदतीची वाट पाहणे सर्वांत घातक. १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करताना जवळचा किलोमीटर क्रमांक सांगितला, तर मदत लवकर पोहोचते.

खासगी बसने जाणाऱ्यांनी आसनावर बसताच संकटकालीन दार आणि काच फोडण्याची हातोडी कोठे आहे, ते पाहून ठेवावे. सिंदखेडराजाच्या अपघातात बस दाराच्या बाजूवर कलंडली होती. वाचलेले काही प्रवासी काच फोडून बाहेर पडले. पाच मिनिटांची ही पाहणी सुटीच्या प्रवासात कोणाला अपशकुनी वाटेलही. पण रात्रीच्या अंधारात आणि धुरात तीच उपयोगी पडते.