दयेचा हिशेब

घरीं मुंजीची पंगत असली म्हणजे शंभर पानें वाढतांनाहि आम्हां गृहस्थांची तारांबळ उडते. मग परक्या दुष्काळी देशांत रोज लक्षावधि पानें मांडण्याचें काम ज्याच्या शिरावर येतें, त्याची काय अवस्था होत असेल?

इ. स. १९२१ मध्यें रशियांत व्होल्गाकांठीं अवर्षण पडलें. महायुद्धानें व यादवीनें कोठारें आधींच रितीं झालीं होतीं. अमेरिकेंतील हर्बर्ट हूवर यांच्या साहाय्यमंडळानें कर्नल हॅस्केल यांस तेथें व्यवस्थेसाठीं धाडलें. प्रथम अन्नछत्रें निघालीं तीं मुलांसाठीं. नियम असा कीं, मुलानें तेथेंच बसून जेवावें, घरीं कांहीं नेऊं नये. घरीं आई उपाशी, आणि लेंकरानें एकट्यानें घास गिळावा! आम्हांस हा नियम प्रथम निर्दय वाटला. परंतु अन्न मोजकेंच असतां तें वांटलें गेलें, तर मूलहि वांचत नाहीं. आधीं कोणास वांचवावयाचें, हें ठरविण्याचा भार कोणीतरी माथीं घ्यावाच लागतो.

१९२२ मध्यें अमेरिकेचा मका आला. मोडकळीस आलेल्या रेल्वेवर वाघिणी अडकून पडल्या. तरी तो गांवोगांव पोंचला, आणि प्रौढांसहि शिधा मिळूं लागला. त्या उन्हाळ्यांत रोज एक कोटीवर माणसें या मंडळाच्या अन्नावर जगत होतीं.

अन्नदान श्रेष्ठ, असें आपण म्हणतों. नांव दात्याचें होतें. याद्या करणाराचें व पोतीं मोजणाराचें कोणी घेत नाहीं. आमच्या मतें निम्में पुण्य त्याचें आहे.