काचेवरचं कॉलेज

कोलोडियनचं चिकट द्रावण काचेच्या मधोमध ओतायचं, काच तिरकी करत ते चारही कोपऱ्यांना न्यायचं आणि उरलेलं परत बाटलीत. त्यातल्या ईथरचा वास डोक्यात जातो. ही जुनी रीत जपणाऱ्या एका हौशी छायाचित्रकाराशेजारी उभं राहून मी हे पाहिलं. सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात जायला हवी. मग लेन्सचं टोपण हातानं काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण लावायचं आणि अंधाऱ्या तंबूत धावायचं.

१८६८ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं, तेव्हा फोटो असेच निघत. त्या काळची कॉलेजं फोटोत ओसाड का दिसतात, ते मला त्या छायाचित्रकाराशेजारी उमगलं. टोपण उघडं असताना जो हलला, तो धूसर झाला किंवा उमटलाच नाही. कमानी आणि मनोरे मात्र लख्ख. सरकारलाही आपण काय बांधलं तेच मिरवायचं होतं. एखादा माणूस स्पष्ट दिसलाच, तर बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून उभा केलेला.

कॅमेऱ्यामागे मात्र आपली माणसं लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तर फोटोग्राफीचा वर्गच चाले.

१८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा आल्या, काम झटपट होऊ लागलं आणि विद्यार्थ्यांचे ग्रुप फोटो वाढले. मधल्या खुर्चीत प्रिन्सिपल, बाजूला प्राध्यापक, मागे उभी आणि पुढे मांडी घालून बसलेली मुलं. पगडीच्या घाटावरून जात ओळखावी. मुली जवळजवळ नाहीतच. कोण शिकतं आणि कोण नाही, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल.

मराठवाड्यातलं आमचं तीर्थपुरी गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाड्यात त्या शतकात कॉलेजच नव्हतं. राजधानी हैदराबादचं निजाम कॉलेजही १८८७ चं. छायाचित्रकार लाला दीनदयाळांचा कॅमेरा आमच्या भागात आला, तो वेरूळच्या लेण्यांसाठी.

आज गावातल्या शाळेत निरोप समारंभाचा फोटो निघतो, तेव्हा मुली ऐटीत पुढच्या रांगेत असतात, ते पाहून ऊर भरून येतो. खुर्च्यांची मांडणी मात्र तीच आहे. मुख्याध्यापक मधोमध, शिपाईमामा कडेला, उभे. वर्षभर घंटा देणाऱ्या माणसाला त्या दिवशी एक खुर्ची द्यायला काय हरकत आहे?