इंग्रज शेतकरी आणि अमेरिकेची जकात

इंग्लंड म्हटलें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें लंडनची पेढी, मँचेस्टरची गिरणी किंवा पार्लमेंटाचें सभागृह उभें राहतें. चिखलानें माखलेले बूट घालून बांधावर उभा असलेला आणि आभाळाकडे पाहणारा इंग्रज शेतकरी कांहीं डोळ्यांपुढें येत नाहीं. वस्तुतः ब्रिटनच्या एकंदर भूमीपैकीं सुमारें ७० टक्के भूमि शेतीखालीं व कुरणाखालीं आहे. आम्हीं इंग्लंडचा इतिहास शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविला. परंतु त्यांत राजे, लढाया व कायदे यांचाच भरणा असे. शेतकऱ्याची गांठ पडे ती धान्याच्या कायद्यांपुरती. अलीकडे अमेरिकेनें परदेशी मालावर बसविलेल्या जकातींचा जो गदारोळ उडाला, त्यांत या विस्मृत माणसाचें म्हणणें काय आहे तें ऐकण्यासारखें आहे. कारण जकातीचा दर किती, हा त्याचा मुख्य प्रश्न नाहींच.

प्रथम हकीकत सांगतों. २ एप्रिल २०२५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं जगांतील बहुतेक देशांच्या मालावर नवी जकात जाहीर केली. ब्रिटनच्या वांट्यास त्यांतला सर्वांत हलका, म्हणजे १० टक्क्यांचा दर आला. मोटारींवर मात्र त्याच सुमारास २५ टक्के जादा जकात बसली व तेथील मोटारींचे कारखाने हवालदिल झाले. सरकारनें बोलणीं लावलीं आणि ८ मे रोजीं करार झाल्याचें जाहीर केलें. वर्षाला एक लक्ष ब्रिटिश मोटारींस १० टक्के जकातीवर अमेरिकेंत प्रवेश मिळाला. मोबदल्यांत ब्रिटननें जें दिलें, त्यांत अमेरिकन इथेनॉल होतें: त्यावरील १९ टक्के जकात १४० कोटी लिटरपर्यंत अजिबात उठविण्यांत आली. गोमांसाचाही एक सौदा झाला. उभय देशांनीं एकमेकांचें १३,००० टन बिनजकात घ्यावें, असा. तो विषय आमच्या वाचकांस रुचणारा नाहीं. तेव्हां एवढेंच सांगतों कीं, त्यांत घेणें व देणें दोन्ही होतें. इथेनॉलांत नुसतें देणेंच होतें.

इथेनॉल हा शब्द साखर-कारखान्यांमुळें महाराष्ट्रांत आतां घरोघर ठाऊक झाला आहे. इंग्लंडांत ऊस पिकत नाहीं. तेथें हें इंधन गव्हापासून काढीत. भाकरीच्या कामाचा नव्हे, तर गुरांकोंबड्यांना घालावयाचा जो हलक्या प्रतीचा गहूं, त्यापासून. पूर्व यॉर्कशरांत हल बंदरालगत साल्टएंड येथें व्हिव्हर्गो नांवाचा मोठा कारखाना होता. वर्षाला ४२ कोटी लिटर इंधन काढण्याची व त्यासाठीं दहा लक्ष टनांहून अधिक गहूं रिचविण्याची त्याची कुवत होती. जो चोथा उरे तो दुभत्या गाईंना जाई. म्हणजे एका शेतकऱ्याचा गहूं दुसऱ्याच्या गोठ्यांत खुराक होऊन पोंचे. आतां ती १४० कोटी लिटरांची मर्यादा पाहा. साऱ्या ब्रिटनला वर्षाकांठीं लागणारें इथेनॉल जवळजवळ तितकेंच! अशा मर्यादेला मर्यादा म्हणणें हा शब्दांचा खेळ झाला. कारखान्यानें सरकारकडे साहाय्य मागितलें. ऑगस्टांत नकार आला आणि कारखाना बंद पडला. दीडशेंहून अधिक माणसांची नोकरी गेली. ऑगस्ट हा इंग्लंडांत गव्हाच्या कापणीचा महिना होय. आपल्याकडे मळणी चालू असतांना बाजारपेठच उठून जावी, तसा हा प्रकार झाला.

मोटारींचा धंदा वांचविणें गैर होतें असें त्या शेतकऱ्याचें म्हणणें नाहीं. त्याचें गाऱ्हाणें हें कीं, इतर धंद्यांवरील जकात हलकी करून घेण्याचा भार शेतीच्या दोन शाखांवर टाकला गेला. आणि तेथील राष्ट्रीय शेतकरी संघाचे अध्यक्ष टॉम ब्रॅडशॉ यांनीं तें त्याच वेळीं उघड बोलून दाखविलें. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात तें हेंच.

शेतीशीं संबंध सुटलेल्या कुटुंबांस प्रश्न पडेल कीं, एक गिऱ्हाईक गेलें तर दुसरें पाहावें. गहूं कांहीं नासत नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या हातीं पडणारा भाव म्हणजे बाजारांतील भाव नव्हे. त्यांतून गाडीभाडें वजा जातां जें उरतें तो. दहा कोसांवरचा कारखाना जाऊन माल शंभर कोसांवर धाडावा लागला, कीं पिकांत काडीचा फरक न होतां उत्पन्न घटतें. तेथील शेतकरी आपल्या गव्हाचा कांहीं भाग महिनोगणती आधीं ठरीव भावानें विकून ठेवूं शकतो, तशी सोय लंडनच्या वायदेबाजारांत आहे. परंतु वायद्यानें भावाच्या चढउतारापासून रक्षण होतें. शेजारचा कारखानाच नाहींसा झाला तर त्यावर वायद्याचा इलाज नाहीं.

खरें दुःख यापुढें आहे. इंग्लंडांत मुख्य गव्हाची पेरणी आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास होते आणि कापणी श्रावणांत. म्हणजे बीं मातीच्या स्वाधीन केल्यापासून दहा-अकरा महिने पीक शेतांत उभें असतें. खत त्याही आधीं घ्यावें लागतें, आणि गव्हानंतर कोणतें पीक, त्यानंतर कोणतें, हा फेरपालट तर तीन-चार वर्षांचा बांधलेला असतो. २०२५ च्या ऑगस्टांत ज्यानें गहूं कापला, त्यानें तो २०२४ च्या शरदांत पेरला होता. तेव्हां अमेरिकेची निवडणूक अजून आटोपली नव्हती किंवा नुकती आटोपली होती. वॉशिंग्टनांत जकात एका सायंकाळीं बसते, आठवड्यांत स्थगित होते आणि पुनः बदलते. व्यापारी आपलें जहाज वळवूं शकतो, कारखानदार एक पाळी कमी करतो. गुडघाभर उगवलेल्या गव्हाला कोठें वळविणार? त्यांत २०२५ चा वसंत असा गेला कीं, इंग्लंडांत शंभरांहून अधिक वर्षांत तितका कोरडा वसंत झाला नव्हता. आभाळाच्या लहरीची शेतकऱ्यास पिढीजात संवय आहे. तिच्याबद्दल तो कुरकुरतो, पण रागावत नाहीं. माणसानें केलेली लहर त्याला सोसवत नाहीं.

स्वतःचें सरकारही त्याला स्थिर जमीन देत होतें असें नाहीं. युरोपीय संघ सोडल्यावर जमिनीच्या मानानें मिळणारें अनुदान २०२१ पासून उतरत गेलें. त्याच्या जागीं आणलेल्या योजनेचे नवे अर्ज ११ मार्च २०२५ रोजीं एकाएकीं बंद करण्यांत आले. वडिलोपार्जित शेतीला वारसाकरांतून असलेली पूर्ण सूट आखडण्याचें २०२४ च्या अंदाजपत्रकांत ठरलें, तेव्हां शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. मग २०२५ च्या डिसेंबरांत पूर्ण सुटीची मर्यादा दहा लक्ष पौंडांवरून पंचवीस लक्षांवर नेण्यांत आली. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्यांना या धास्तीचा अर्थ सांगावयास नको.

दुसऱ्याच्या भांडणांत आपला माल सांपडण्याची ही त्याची पहिली वेळ नव्हे. बोइंग व एअरबस या विमानें बांधणाऱ्या दोन कंपन्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवरून अमेरिका व युरोप यांच्यांत तंटा होता. त्याची शिक्षा म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवर आणि चेडर, स्टिल्टन यांसारख्या चीजवर २५ टक्के जकात लादली. ती २०२१ च्या मार्चपर्यंत टिकली. विमानाचा नि गाईच्या दुधाचा संबंध काय, हें कोणा नैयायिकालाच विचारावें!

मात्र इंग्रज शेतमालक हा नेहमींच दीनवाणा होता असें मानण्याचें कारण नाहीं. १८१५ सालीं पार्लमेंटांत जमीनदारांचा वरचष्मा होता, तेव्हां देशांतील गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परकी गहूं विक्रीस येऊंच नये, असा कायदा त्यांनीं करून घेतला. मजुराच्या घरची भाकरी महाग झाली त्याची पर्वा केली नाहीं. १८४६ सालीं पील यांनीं तो कायदा उठविला, तें योग्यच झालें असें आमचें मत आहे. पुढें तीस वर्षांनीं अमेरिकेच्या विस्तीर्ण मैदानांतला गहूं आगगाडी व आगबोटीनें स्वस्तांत येऊं लागला. १८७७ सालीं ५६ शिलिंगांच्या वर असलेला भाव १८९४ सालीं २३ शिलिंगांच्याही खालीं उतरला आणि गव्हाखालील जमीन निम्म्याहून कमी झाली. तेव्हां जकात नव्हती म्हणून तो बुडाला. आतां मोटारींच्या जकातीपायीं त्याचा कारखाना बुडाला. अमेरिकेचा धसका त्याच्या रक्तांत आहे तो असा.

आपल्याकडेही त्या धसक्याची एक शाखा आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवींत लँकेशरच्या गिरण्यांना तिकडला कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें आणि तो कोसळला. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांचे कर्जरोखे जळाले, त्याच्या अनेक कारणांत ती उतरती कळाही होती. आणि २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हां कापडधंद्याला हात देण्यासाठीं आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के जकात डिसेंबरअखेरपर्यंत स्थगित केली. विदर्भांत वेंचणीचा हंगाम त्याच मुदतींत येतो. पूर्व यॉर्कशरच्या शेतकऱ्याचें दुःख यवतमाळांत समजावून सांगण्यास दुभाषाची गरज पडूं नये.

त्या शेतकऱ्यापुढें आतां वाट राहिली ती भाकरीचा गहूं पेरण्याची, असें कित्येक सुचवितात. त्याला भाव अधिक मिळतो. परंतु एकरीं उतारा कमी, नत्राचें खत जास्त, शिवाय गिरणीवाला १३ टक्के प्रथिन मागतो आणि कापणीच्या दिवसांत पाऊस लागला तर तोच गहूं पुनः गुरांच्या प्रतीला उतरतो. उत्तरेकडल्या त्या ओल्या हवेंत असा पाऊस वारंवार लागतो.