दुखतंय, पण सांगणार कोण?

आपलं डोकं दुखलं की अख्ख्या ऑफिसला कळतं. पण ज्याला 'दुखतंय' हे सांगताच येत नाही, त्याचं काय?

सोमवारी सकाळी दाढ ठणकायला लागली तर तुम्ही काय करता? बॉसला मेसेज, मेडिकलमधून गोळी, संध्याकाळी डेंटिस्ट. विषय संपला! आता समजा, 'दाढ' हा शब्दच तुम्हाला येत नाही. मग? कदाचित ताट ढकलून द्याल, स्वतःच्याच गालावर मारून घ्याल. आणि आजूबाजूचे म्हणतील, 'आज याचा मूड गेलाय.'

बौद्धिक दिव्यांग असलेल्या अनेक मोठ्या माणसांचं नेमकं हेच होतं. घरात आणि निवासी संस्थेतही.

'त्याचं तसंच आहे हो!'

प्रत्येक गोष्टीचं खापर अपंगत्वावर फोडायचं आणि खरा आजार नजरेआड करायचा, याला डॉक्टरी भाषेत 'डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग' म्हणतात. याची किंमत मोठी असते. ब्रिटनमध्ये २००७ साली 'मेनकॅप' या संस्थेने सरकारी आरोग्यसेवेत दगावलेल्या अशा सहा जणांची कहाणी मांडली. त्यातला एक ३० वर्षांचा तरुण. मांडीचं हाड मोडलं म्हणून तो हॉस्पिटलमध्ये गेला आणि पुढे दगावला. त्याच्या वेदनेकडे लक्षच दिलं नाही, ही घरच्यांची तक्रार होती.

ज्याची त्याची भाषा

'यांना दुखणं कमीच जाणवतं' हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. दुखतं, फक्त दिसतं वेगळं. एखादा ओरडतो, तर एखादा एकदम गप्प होतो. कुणी चक्क हसतं! म्हणूनच इंग्लंडमधल्या नर्स आणि डॉक्टरांनी 'डिसडॅट' नावाचा फॉर्म तयार केला. त्यात मार्क द्यायचे नसतात. हा माणूस खुशीत असतो तेव्हा त्याचा चेहरा, आवाज, बसणं-उठणं कसं असतं आणि त्रासात असतो तेव्हा कसं, एवढंच लिहून ठेवायचं. नवीन केअरटेकर आला तरी त्याला वाचून कळतं.

आधी शोधा, मग गोळी

वागणं अचानक बदललं, तर आधी साध्या गोष्टी तपासा. दात, कान, बद्धकोष्ठता, अॅसिडिटी, पाळीचं दुखणं, आखडलेले सांधे, पाठीवरच्या जखमा. झोपेची किंवा शांत करणारी गोळी दिली तर दंगा थांबेल, दुखणं नाही.

आणखी एक. 'लागली तर द्या' असं लिहिलेली पेनकिलर इथे कामाची नाही, कारण तो कधी मागणारच नाही! ठरावीक वेळेला गोळी द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. फिट्सची किंवा इतर औषधं चालू असतील तर तेही सांगा. गोळीनंतर तो शांत झाला, जेवला, तर तीही नोंद करा. डॉक्टरांसाठी तो पुरावा असतो.

ताई-दादा, हे तुमच्यासाठी

आई न बोलता सगळं ओळखते. पण ते सगळं आईच्याच डोक्यात असतं, कागदावर नाही. उद्या तुमचा भाऊ किंवा बहीण संस्थेत राहायला गेली, तर हे तिथल्या मावशींना कोण सांगणार?

* या वीकेंडला आईसोबत बसा आणि दोन याद्या करा, 'खूश असताना' आणि 'त्रासात असताना'.
* मोबाइलवर दोन्ही मूडचे छोटे व्हिडिओ काढा.
* यादीची एक कॉपी संस्थेत, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये.
* हॉस्पिटलमध्ये ओळखीचं माणूस सोबत असू द्या.
* २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उपचारासाठी प्राधान्याची तरतूद आहे. बिनधास्त मागा.

वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा एक गोष्ट स्पष्टच केली. सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही, असं होत नाही. तुमच्या दादाला हे आधीपासून माहीत आहे. कळायचं आहे ते आपल्याला.