ज्यांना गरज होती त्यांची रांग

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोना लसीकरण सुरू झाले, त्याला पाच वर्षे होऊन गेली. या काळाचा विषय निघाला की २२० कोटी मात्रांचा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि पाठोपाठ एक शेराही ऐकू येतो, की आपल्या लोकांना रांग पाळता येत नाही, आधी कुणाला आणि नंतर कुणाला हे आपल्याकडे कुणी ऐकून घेत नाही. आकडा खरा आहे. शेरा खोटा आहे, आणि लोकांवर अन्याय करणारा आहे. तो तपासायला २०२१ चे पहिले सहा महिने पुरतात. त्यानंतरचा काळ, म्हणजे ऑक्टोबरातला शंभर कोटींचा सोहळा, किशोरवयीनांची लस, तिसरा डोस, यांत या प्रश्नापुरते पाहण्यासारखे फारसे नाही. तोवर पुरवठा वाढला होता आणि ‘आधी कोण’ हा वादच उरला नव्हता.

सुरुवातीचा क्रम साधा होता. सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस, सैन्यदले, पालिका कर्मचारी असे आघाडीवरचे दोन कोटी, आणि त्यांच्यामागे पन्नाशीपुढचे व सहव्याधी असलेले २७ कोटी. या क्रमाविरुद्ध कुठे मोर्चे निघाले नाहीत. डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार आपल्या आधी का, असे कुणी विचारले नाही. उलट पहिल्या आठवड्यांत ज्यांचा नंबर होता तेच कचरत होते, कारण तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती येण्याआधीच कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली होती. १ मार्चला साठीपुढच्यांसाठी आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांसाठी लस खुली झाली. तेव्हा मुंबईच्या मोठ्या केंद्रांवर वृद्धांचे हाल झाले, पण तक्रार ढिसाळ व्यवस्थेची होती, क्रमाची नव्हती. शिक्षक, बँक कर्मचारी, पत्रकार यांनी आम्हालाही आघाडीवरचे माना अशी मागणी केली, तीही निकष मान्य करूनच. धोका हाच निकष असेल तर आमचा धोकाही मोजा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रांग न मानणारा माणूस असा युक्तिवाद करत नाही.

एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली आणि वातावरण बदलले. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी २५ वर्षांवरच्या सर्वांना लस द्या असे पंतप्रधानांना कळवले. इंडियन मेडिकल असोसिएशननेही १८ वर्षांवरच्या सर्वांसाठी आग्रह धरला. ६ एप्रिलला केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी उत्तर दिले, की लस हवी असलेल्यांना नव्हे, तर तिची गरज असलेल्यांना देणे हे उद्दिष्ट आहे. त्या वाक्याची देशभर टिंगल झाली. मला ते वाक्य तेव्हाही बरोबर वाटले होते, आजही वाटते. कोरोनाने दगावलेल्यांपैकी ८८ टक्के ४५ वर्षांवरचे होते, हे केंद्रानेच मार्चमध्ये सांगितले होते. मात्रा अपुऱ्या असताना त्या कुणाला द्यायच्या, याला यापेक्षा सबळ आधार नव्हता. पण सरकारने आपलेच वाक्य दोन आठवडेही पाळले नाही. १९ एप्रिलला घोषणा झाली, की १ मेपासून १८ वर्षांवरच्या सर्वांना लस.

या घोषणेने रांग लांबली नाही, ती रद्द झाली. तोवर ४५ वर्षांवरचे सर्व, म्हणजे सुमारे ३४ कोटी लोक पात्र झाले होते, त्यांत ५९ कोटींची भर पडली. मात्रा मात्र वाढण्याऐवजी घटल्या. एप्रिलमध्ये देशात जवळपास नऊ कोटी डोस दिले गेले, मेमध्ये जेमतेम सहा कोटी. वयाची आणि धोक्याची जागा आता मोबाइल आणि पैसा यांनी घेतली. तरुणांना ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती, त्यामुळे ज्याचे नेट वेगवान आणि बोटे चपळ त्याला स्लॉट मिळे. पालघर आणि पुणे जिल्ह्यांतल्या ग्रामीण केंद्रांवर शहरातल्या गाड्या येऊन थांबू लागल्या आणि दारात उभ्या गावकऱ्यांना लस संपल्याचे ऐकून परतावे लागले. तिथे झालेल्या वादावादीला बेशिस्त म्हणणे मला पटत नाही. आपल्या आरोग्य केंद्रातली लस आपल्या म्हाताऱ्यांना आधी मिळावी, असे गाव म्हणत होते. दिल्लीने महिन्यापूर्वी हेच सांगितले होते. महाराष्ट्राला तर मे महिन्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तरुणांचे लसीकरण थांबवावे लागले. त्यांच्यासाठी विकत घेतलेल्या पावणेतीन लाख कोव्हॅक्सिन मात्रा दुसऱ्या डोससाठी खोळंबलेल्या ४५ वर्षांवरच्यांकडे वळवाव्या लागल्या. जुना क्रम असा नाइलाजाने परत आला.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. दुसऱ्या लाटेत तरुणही गेले, घरातला कमावता गेला की घर बसते, मग त्यांनी थांबायचे का? इंडोनेशियाने कमावत्या वयाला आधी लस देण्याचे धोरण उघडपणे स्वीकारले होते, त्यामागे विचार होता. आपणही तसे ठरवले असते तर वाद घालता आला असता. पण १ मेला तसे काहीच ठरले नाही. रोज लोकांत वावरणारा एसटीचा वाहक आणि घरून काम करणारा अभियंता एकाच पडद्यासमोर बसवले गेले आणि त्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेले होते. खासगी रुग्णालयांना लशींचा चौथा हिस्सा दिल्याने सरकारी केंद्रांवरचा भार हलका झाला, असेही म्हणतात. मार्चमध्ये २५० रुपयांना मिळणाऱ्या डोसला मेमध्ये अनेक ठिकाणी कितीतरी पट दाम पडत होते, तेव्हा तो भार कुणासाठी हलका झाला हे उघड आहे. तरुणांना विकतची लस देणारे हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात नोंदवले. आठवडाभरात केंद्राने ते बदलले.

या सगळ्यात सर्वांत मागे राहिले ते गरजेच्या यादीत सर्वांत वर असलेले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध. त्यांना घरी जाऊन लस द्या, अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयात झाली, तेव्हा घरोघरी लसीकरण शक्य नाही, घराजवळ केंद्र काढू, असे केंद्राचे उत्तर होते. जो पलंगावरून उठू शकत नाही त्याला कोपऱ्यावरचे केंद्रही गावाबाहेरच असते. अशांना घरी लस देण्याची परवानगी केंद्राने दिली ती सप्टेंबरात. तोपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती.