स्वस्तातली खुर्ची, महागातला प्रयोग
विज्ञान संस्थांना सरकारी खरेदीच्या सामाईक नियमांतून सूट का मिळाली आणि तिच्यासोबत कोणती जबाबदारी आली?

सरकारी कचेरीला शंभर खुर्च्या घ्यायच्या असतील, तर अटींत बसणारी सगळ्यांत स्वस्त खुर्ची निवडावी, हा नियम शहाणपणाचाच आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला अँटिबॉडी घ्यायची असते, तेव्हा मात्र हाच नियम अंगाशी येतो. एकाच प्रथिनासाठी दोन कंपन्यांनी बनवलेल्या अँटिबॉडीचं वर्णन कागदावर सारखं असू शकतं. प्रत्यक्षात एक नेमकी त्याच प्रथिनाला चिकटते, दुसरी भलत्यालाही. प्रयोग अर्ध्यावर असताना कंपनी बदलली, तर आधीचे निकाल नव्यांशी ताडून पाहता येत नाहीत आणि बरंच काम पहिल्यापासून करावं लागतं.

केंद्रीय वित्त मंत्रालयाने जून 2025मध्ये या फरकाची दखल घेतली. वैज्ञानिक उपकरणं आणि प्रयोगात वापरून संपणारं साहित्य ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेबाहेरून घेण्याची परवानगी देण्याचे अधिकार संशोधन संस्थांचे संचालक आणि विद्यापीठांचे कुलगुरू यांना मिळाले.

एकच दुकान कशासाठी?

केंद्र सरकारची खरेदी दीर्घकाळ पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालयाच्या दरकरारांवर चालायची. ऑगस्ट 2016मध्ये ‘जेम’ सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर ते महासंचालनालय बंद झालं. 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांपैकी नियम 149 सांगतो की, जी वस्तू वा सेवा ‘जेम’वर मिळते, ती तिथूनच घ्यावी. हेतू स्पष्ट होता. ठरावीक पुरवठादारांची मक्तेदारी मोडावी, दर सगळ्यांना दिसावेत आणि कागदोपत्री तीन दरपत्रकं जमवण्याचा जुना खेळ थांबावा. संगणक, कागद, पंखे, वाहनं अशा वस्तूंसाठी ही व्यवस्था सोयीची आहे.

प्रयोगशाळेची गरज वेगळी असते. एखादं विकर कोरड्या बर्फात येतं आणि थोड्याच काळात निकामी होतं. एखाद्या वर्णपटमापीचा सुटा भाग मूळ कंपनीच बनवते. अशी वस्तू बाहेरून घ्यायची, तर ती ‘जेम’वर नाही असा अहवाल काढून फाइलला जोडावा लागे. आणि तिथे नावापुरती मिळतीजुळती वस्तू दिसली की लेखाविभागाचा प्रश्न ठरलेला: ‘एल-वन’, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा देकार, का नाही घेतला? प्रकल्पाचं अनुदान वर्षाच्या हिशेबात बांधलेलं असल्यामुळे फाइल फिरेपर्यंत मार्चअखेर जवळ यायची.

काय बदललं?

सुटीबरोबर खरेदीच्या मर्यादाही वाढल्या. दरपत्रकांशिवाय थेट खरेदी 1 लाख रुपयांपर्यंत करता येत होती, ती 2 लाखांवर गेली. खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची वरची मर्यादा 10 लाखांवरून 25 लाख झाली, तर मर्यादित निविदेची 50 लाखांवरून 1 कोटी. 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकारही संस्थाप्रमुखांकडे आला. मे 2020मध्ये, देशी उत्पादनाला बळ देण्यासाठी, याच रकमेपर्यंतच्या जागतिक निविदांवर बंदी आली होती. त्यामुळे हा बदल विशेष महत्त्वाचा आहे.

पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या केंद्रीय संस्थांचा हा थेट फायदा. राज्याच्या तिजोरीतून होणाऱ्या खरेदीला मात्र केंद्राची सूट आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्र शासनाची खरेदीची स्वतःची नियमपुस्तिका आहे, 1 डिसेंबर 2016ची. एकाच शहरात एकच रसायन मागवणाऱ्या दोन प्राध्यापकांच्या वाटा त्यामुळे वेगळ्या असू शकतात.

सुटीची किंमत

सूट म्हणजे मोकळं रान, असा अर्थ घेतला तर मूळ रोग परत येईल. मर्यादेखाली राहण्यासाठी एका खरेदीचे चार तुकडे करायचे, ही युक्ती जुनीच आहे. नियम 157 तिला स्पष्ट मनाई करतो आणि ती मनाई आजही कायम आहे. दुसरा धोका सीमारेषेचा. खुर्ची ‘जेम’वरून आणि अँटिबॉडी बाहेरून, हे सोपं झालं. पण गणनेसाठी लागणारा शक्तिशाली संगणक उपकरण मानायचा की कार्यालयीन सामान? अशा प्रत्येक वस्तूपाशी कुणाला तरी निर्णय घ्यावा लागेल.

खरा बदल इथेच आहे. पूर्वी वाईट वस्तू आली, तरी ‘नियमाने एल-वन घेतला’ एवढं म्हटलं की संबंधितांची सुटका व्हायची. आता निवड माणसाने केली, म्हणून उत्तरही माणसानेच द्यायचं. अनेकांना ही जबाबदारी नकोशी वाटेल. लेखापरीक्षणाच्या आक्षेपाच्या धास्तीने काही कार्यालयं अधिकार मिळूनही जुनेच कागद मागत राहतील आणि सूट परिपत्रकातच राहील.

यावर उपाय आधीच्या परवानग्या वाढवण्यात नाही, नंतरच्या तपासणीत आहे. ‘जेम’बाहेर घेतलेली मोठी वस्तू, तिचा दर, पुरवठादार आणि निवडीचं दोन ओळींचं कारण संस्थेने संकेतस्थळावर टाकावं. मग तोच सुटा भाग शेजारच्या संस्थेने किती रुपयांना घेतला, हे कुणालाही ताडून पाहता येईल. लेखापरीक्षकानेही तीन दरपत्रकं मोजण्यापेक्षा उपकरण किती दिवस चालू स्थितीत होतं, हे विचारावं. सार्वजनिक पैशाचं रक्षण फाइलच्या जाडीवरून ठरत नाही. त्या पैशातून आलेलं यंत्र वापरात आहे का, यावरून ते ठरतं.